राजगृहातील वाचक

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जो जनसमुदाय लोटतो, त्यातील एक गोष्ट बाहेरच्या माणसालाही चटकन जाणवते. चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगा जशा लांबच लांब असतात, तशीच गर्दी मैदानातील पुस्तकांच्या दुकानांभोवती असते. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रीचा दिवस करून आलेला शेतमजूर परतताना पिशवीत दोन-चार पुस्तके घालून नेतो. त्यातील काही जणांना ती स्वतः वाचता येत नसतील; घरी शिकणाऱ्या मुलासाठी किंवा नातीसाठी ती घेतलेली असतात. पुण्यतिथीच्या दिवशी फुलांबरोबर पुस्तक विकत घेण्याची अशी प्रथा महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कोणा पुरुषाच्या वाट्याला आली असेल.

ज्यांच्या स्मृतीसाठी हे घडते त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे घटनाकार, समाजक्रांतिकारक, अर्थशास्त्रज्ञ, धर्मप्रवर्तक हे सारे पैलू आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचे आकडेही भाषणांतून नेहमी ऐकू येतात. तथापि या आकड्यांच्या कौतुकात एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाचा स्पर्श नाकारलेला, ज्याला शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागलेले, असा मुलगा एवढा मोठा वाचक झाला तरी कसा? त्याच्या हाती पुस्तक कोणी दिले? ते वाचायला जागा कोठे मिळाली? या प्रश्नांची उत्तरे त्यांच्या चरित्रात स्पष्ट आहेत आणि ती आजच्या शिक्षकाला, पालकाला व विद्यार्थ्याला अतिशय उपयोगी पडणारी आहेत.

दागिना गहाण, पुस्तक हाती

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. ते कबीरपंथी. घरात पहाटे आणि संध्याकाळी भजन-अभंग होत आणि मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचनही करवून घेतले जाई. लष्कराने महारांना शिक्षणाची जी थोडी संधी दिली होती तिचा हा परिणाम होता. म्हणजे या वाचकाची पहिली शाळा त्याच्या घरातच होती. सुभेदारांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. इंग्रजीवर त्याने पुढे जे असामान्य प्रभुत्व मिळवले त्याचा पाया या तर्खडकरी घोकंपट्टीत आहे.

१९०४ च्या सुमारास हे कुटुंब साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोपणे, सरपण, जाते, शेळी आणि मुलाचा अभ्यास या सर्वांचा समावेश होता. जागा इतकी अपुरी की बापलेकांनी झोपेच्या पाळ्या लावल्या. मुलगा लवकर झोपे. रात्री दोनच्या सुमारास वडील त्याला उठवत आणि स्वतः आडवे होत. मग काचेवाचूनच्या चिमणीच्या मिणमिणत्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चाले. गिरणगावात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हे चित्र निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मुलाला पाठ्यपुस्तकांबाहेरची पुस्तके वाचण्याचा नाद लागला. सुभेदारांना हे फारसे पसंत नव्हते. परीक्षा आधी, बाकीचे नंतर, असे त्यांचे साधे मत होते. पण पुस्तक मागितले आणि वडिलांनी नाही म्हटले असे झाले नाही. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या संसारात पुस्तकाला पैसे उरत नसत. अशा वेळी ते मुंबईतच राहणाऱ्या आपल्या विवाहित मुलीकडे जात, तिचा एखादा दागिना मागून आणीत, तो सावकाराकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक विकत घेऊन घरी येत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत. भारतातील एका मोठ्या खाजगी ग्रंथसंग्रहाची सुरुवात अशी बहिणीच्या दागिन्यावर काढलेल्या कर्जातून झाली.

शाळेने मात्र एक दार बंद केले. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये या मुलाला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकवण्यास नकार मिळाल्यामुळे त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे बी.ए.लाही इंग्रजी आणि फारसी हेच विषय राहिले. ज्या भाषेत आपल्या समाजाचे भवितव्य हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवले गेले, तीच भाषा आपल्याला शिकू दिली जात नाही, हे शल्य त्यांच्या मनात कायम राहिले. मोठेपणी त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला.

चर्नी रोडच्या बागेतील भेट

घरात जागा नाही म्हणून शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षकही वाचनासाठी येत. केळुसकर शिवचरित्रकार आणि बुद्धचरित्रकार म्हणून मराठी वाचकांना परिचित होते. रोज एकाच ठिकाणी पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची चौकशी केली. तो कोणत्या जातीचा आहे हे कळल्यावर त्यांनी त्याला दूर लोटले नाही. उलट काय वाचावे हे सांगण्यास आणि आपल्याजवळची पुस्तके देण्यास सुरुवात केली.

१९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या टक्केवारीच्या बाजारात या गुणपत्रिकेकडे कोणी पाहिलेही नसते. पण त्या काळी त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही घटनाच अपूर्व होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा भरली आणि तीत केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र या विद्यार्थ्याला भेट दिले. समारंभात पुस्तक भेट देणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. ती पुस्तके बहुधा वेष्टनासकट फळीवर पडून राहतात. या पुस्तकाचे तसे झाले नाही. ते वाचले गेले, मनात राहिले आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याचे काय झाले हे पुढे येणारच आहे.

केळुसकर एवढ्यावर थांबले नाहीत. पुढील शिक्षणाचा खर्च झेपेनासा झाला तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांनी या विद्यार्थ्याला पुस्तके आणि कपडे देऊन मदत केली. मोठ्या माणसाच्या चरित्रात अशा माणसांना एखाददुसरे वाक्य मिळते. वास्तविक शिक्षकी पेशातील कोणाही व्यक्तीने सर्वात आधी वाचावीत अशी ही पाने आहेत.

बुडालेला संग्रह

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. सेलिग्मन, जॉन ड्युई, गोल्डनवायझर यांच्यासारखे गुरू आणि हवे ते पुस्तक मागावे व मिळावे असे ग्रंथालय, हे दोन्ही त्यांना एकदम लाभले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे पुस्तक देताना जात विचारली जात नव्हती. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, स्वतःचा खर्च भागवायचा आणि उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पुस्तके घ्यायची असा त्यांचा क्रम होता. नाटक-सिनेमा, हॉटेल यांना त्यात स्थान नव्हते. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली. १९१६ साली लंडनला जाताना ती भारतात पोहोचवण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली; त्यांतील बरीचशी त्यांच्या हाती कधीच आली नाहीत.

पुढल्याच वर्षी दुसरा आघात झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः कैसर-इ-हिंद बोटीने १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस सुखरूप पोहोचले. पण त्यांची पुस्तके व सामान ज्या वेगळ्या बोटीने येत होते ती जर्मन पाणबुडीने बुडवली. पदव्या घेऊन आलेला हा तरुण विद्वान पुस्तकांच्या बाबतीत पुन्हा मोकळ्या हाताने उभा राहिला. थॉमस कुक कंपनीकडून सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये आले आणि ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चात गेले.

बडोद्यात काय झाले ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाच्या पदवीधराला राहण्यास घर मिळेना. जात लपवून एका पारशी धर्मशाळेत आश्रय घ्यावा लागला. त्या ओसाड, अंधाऱ्या माडीवर कंदिलाच्या उजेडात वाचनाने एकटेपणावर मात करण्याचा त्यांचा प्रयत्न चाले. पण अखेर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. केवळ विद्येने माणसाला माणसासारखे वागवले जाईल, हा भ्रम येथे संपला. कदाचित दुसरा एखादा पुस्तकांना कंटाळून निराळ्या मार्गाला लागला असता. आंबेडकरांनी निष्कर्ष काढला तो उलटा. आपले वाचन अजून अपुरे आहे आणि ते आता स्वतःपुरते राहून चालणार नाही, असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते.

१९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी बर्ट्रंड रसेल यांच्या समाजाच्या पुनर्रचनेविषयीच्या ग्रंथाचे त्यांनी विस्तृत परीक्षण लिहिले. सत्तावीस वर्षांच्या एका हिंदी प्राध्यापकाने रसेलसारख्या तत्त्वज्ञाशी बरोबरीच्या नात्याने वाद घातला आहे. जेथे पटले तेथे त्याची बाजू गैरसमजांपासून सावरली आहे आणि पैशाच्या लोभाविषयीचे त्याचे विवेचन पटले नाही तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे. आंबेडकरांच्या वाचनाचा विशेष येथेच दिसतो. पुस्तक हे त्यांना नमस्कार करण्याची वस्तू कधीच वाटले नाही.

लंडनचे वाचनदालन

साठवलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० च्या जुलैमध्ये पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे विख्यात वाचनदालन हे त्यांचे खरे निवासस्थान झाले. सकाळी दार उघडताना आत जावे आणि संध्याकाळी पहारेकऱ्याने सूचना दिल्यावर शेवटच्या मंडळींत बाहेर पडावे, असा नेम होता. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा. दुपारचे जेवण पैशांअभावी नाहीच. रात्री पुन्हा तसेच काहीतरी आणि भूक अनावर झाली तर घरून आलेला पापड. इंडिया ऑफिसचे आणि विद्यापीठाचे ग्रंथालयही त्यांनी धुंडाळले. या तपश्चर्येतून एम.एस्‌सी., डी.एस्‌सी. आणि बॅरिस्टरी या पदव्या आल्या आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनविषयक चौकशीसाठी १९२५ साली नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली ती या अभ्यासाच्या आधारावर.

या काळाचे वर्णन करताना आपण सहसा त्यांच्या भुकेचे कौतुक करतो. भुकेचे कौतुक करू नये. उपाशीपोटी वाचावे लागणे ही समाजाची नामुष्की आहे, वाचकाचा गुण नव्हे. कौतुक करायचे तर त्या सार्वजनिक वाचनदालनाचे करावे. एका पारतंत्र्यातील देशाच्या बहिष्कृत समाजातून आलेल्या निर्धन विद्यार्थ्याला तेथे दिवसभर बसायला खुर्ची आणि हवा तो ग्रंथ मिळत होता. आपल्या गावात पाणवठ्यालाही ज्याला शिवू दिले जात नव्हते, त्याला तेथे ज्ञानाच्या पाणवठ्यावर कोणी अडवले नाही. स्वदेशी परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीने वाचनालये आणि अभ्यासवर्ग यांचा उल्लेख आहे, तो योगायोग नव्हे.

जाळलेले पुस्तक

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाविषयी लिहिताना एका प्रसंगाला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. तसा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. पुस्तकांवर प्राणापलीकडे प्रेम करणाऱ्या माणसाने पुस्तक कसे जाळले, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढील ग्रंथरचनेत आहे. त्यांनी जाळली ती एका पुस्तकाची एक प्रत. दहन होते ते त्या पुस्तकाच्या सत्तेचे. ग्रंथालयातून मनुस्मृती काढून टाका किंवा कोणी ती वाचू नका, अशी त्यांची मागणी नव्हती. खुद्द त्यांनी ती इतक्या बारकाईने अभ्यासली की १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या शूद्र पूर्वी कोण होते या ग्रंथात मनूची वचने ते एखाद्या मुरब्बी वकिलाप्रमाणे साक्षीला काढतात. संस्कृत वाङ्मयावरील आपल्या अधिकाराविषयी शंका घेतली जाणार हे ओळखून त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच तिला उत्तर दिले आहे. न वाचता पूजा करणारे आणि न वाचता बंदी मागणारे, असे दोन्ही पंथ आपल्याकडे बलवान आहेत. बाबासाहेब या दोहोंपैकी कोणत्याच पंथाचे नव्हते. ते विरोधकाचा ग्रंथ त्याच्यापेक्षा अधिक चांगला वाचत.

ग्रंथांचे घर आणि घराची किंमत

लंडनहून परतल्यावर वकिली, प्राध्यापकी आणि चळवळ यांच्या धकाधकीतही खरेदी चालूच राहिली. परळच्या पोयबावडीतील इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. तेथे माणसांनी राहावे की पुस्तकांनी, असा पेच पडू लागला. गोलमेज परिषदांच्या निमित्ताने झालेल्या प्रवासांतून पुस्तकांची आणखी भर पडली. अखेर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याला राजगृह हे नाव दिले. खाली कुटुंब आणि वर पुस्तके, अशी त्याची व्यवस्था होती. माणसे घर बांधतात आणि मग एखाद्या कोनाड्यात पुस्तकांची सोय पाहतात. येथे पुस्तकांच्या सोयीसाठी घर उभे राहिले.

संग्रह नेमका केवढा होता याचे आकडे निरनिराळे सांगितले जातात. १९३८ च्या सुमारास राजगृहाला भेट देणारे अमेरिकन पत्रकार जॉन गंथर यांनी आठ हजारांचा आकडा नोंदला आहे. पुढील अठरा वर्षांत तो कित्येक पटींनी वाढला. पण संख्येपेक्षा त्यातील विषयांची व्याप्ती लक्षात घेण्यासारखी आहे. कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्मशास्त्र, मानववंशशास्त्र, राजनीती, चरित्रे. पाली आणि संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या. ही पुस्तके वाचलेली होती. त्यांतील खुणा आणि समासातील टिपा याची साक्ष देतात. पुस्तक उसने देण्याच्या बाबतीत ते फार काटेकोर असत, असे सहवासातील मंडळींनी लिहून ठेवले आहे. दोनदा संग्रह गमावलेल्या माणसाचा हा काटेकोरपणा समजण्यासारखा आहे.

मात्र या घराची किंमत केवळ रुपयांत झाली नाही. पतीच्या परदेशातील शिक्षणाच्या वर्षांत रमाबाईंनी अत्यंत हलाखीत संसार ओढला. चार मुले एकामागून एक गेली. १९२६ साली धाकटा राजरत्न गेला त्याचे दुःख दोघांनाही विसरता आले नाही. नवऱ्याच्या पुस्तकांसाठी रमाबाईंनी जे सोसले त्याचा हिशेब कोणत्याही ग्रंथसूचीत नाही. राजगृहात त्यांना फार काळ लाभला नाही. २७ मे १९३५ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. ते ऋण मान्य करण्याची त्यांना सुचलेली रीतही ग्रंथाचीच होती.

वाचनाचा विनियोग

नुसता संग्राहक पुस्तके जमवतो आणि त्यांच्यासह संपतो. बाबासाहेबांचे वाचन मात्र सार्वजनिक व्यवहारात खर्च झाले. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना त्यांनी ग्रीसचा इतिहासकार ग्रोट याच्या आधारे सांविधानिक नीतिमत्तेची कल्पना समजावून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन विभूतिपूजेचा धोका सांगितला. परळच्या चाळीत पहाटे दोनला उठून सुरू झालेले वाचन अशा रीतीने राष्ट्राच्या कामी आले.

दुसरा विनियोग शिक्षणसंस्थेचा. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा कचेरीत नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. मुंबईतील कितीतरी कारकून त्या सकाळच्या वर्गांतून पदवीधर झाले. ज्या पुस्तकांना जिवापाड जपले त्यांतील मोठा भाग बाबासाहेबांनी या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केला. उसने देताना हात आखडणाऱ्या माणसाने विद्यार्थ्यांसाठी कपाटेच्या कपाटे मोकळी केली, यात विसंगती नाही. व्यक्तीला दिलेले पुस्तक हरवते, ग्रंथालयाला दिलेले टिकते, हा अनुभव त्यांना फार महागात मिळाला होता.

अखेरच्या वर्षांत मधुमेहाने शरीर पोखरले, पाय चालेनात आणि दृष्टी अधू झाली. तरी दिल्लीच्या अलिपूर रोडवरील घरात बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे काम चालू राहिले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आपल्याजवळ मागून घेतले. ६ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. त्या प्रस्तावनेत आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना त्यांनी दादा केळुसकरांचा आणि मॅट्रिकच्या सत्कारात मिळालेल्या त्या पुस्तकाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती पुढे बऱ्याच वर्षांनी वाचकांसमोर आली. एका शिक्षकाने एका विद्यार्थ्याला दिलेल्या एका पुस्तकातून लाखो लोकांच्या धर्मांतराचा ओघ निघाला, याची ही स्वहस्ते लिहिलेली नोंद आहे.

स्मारके झाली, वाचनालयांचे काय?

त्यांच्या मागे त्यांच्या वाङ्मयाची बरीच आबाळ झाली. अप्रकाशित लेखन कित्येक वर्षे पेट्यांत बंद होते. अखेर महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली समग्र लेखनाचा पहिला खंड १९७९ साली प्रसिद्ध केला. त्या कामाची थोरवी मोठी आहे. लंडनमधील त्यांच्या वास्तव्याचे घर शासनाने २०१५ साली विकत घेतले. जुलै २०२० मध्ये राजगृहाच्या आवारात घुसून नासधूस झाली तेव्हा सर्व पक्षांनी निषेध नोंदवला. हे सर्व योग्यच झाले. परंतु वाचकाचे स्मारक वाचनालयात असते, हे आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. गावोगावी वाचनालये उभी राहिली, हे खरे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ साली स्थापन झालेल्या संस्थांची परंपराही आपल्यामागे आहे. तथापि महानगराच्या कडेला राहणाऱ्या विद्यार्थ्याची आजची स्थिती पाहावी. मढसारख्या कोळीवाड्यातील मुलीला मोठ्या ग्रंथालयात जायचे तर फेरीबोटीने वर्सोव्याला उतरून पुढचा प्रवास करावा लागतो, नाही तर मार्वेमार्गे मालाडपर्यंत बसने जाऊन लोकलची गर्दी गाठावी लागते. घरात एक-दोन खोल्या, त्यात जाळी, सुकी मासळी, लहान भावंडे आणि चालू दूरचित्रवाणी संच. डबक चाळीतील शेळी आणि जाते गेले असेल, पण पुस्तक उघडून बसायला निवांत कोपरा नाही ही अडचण तशीच आहे. भ्रमणध्वनीवर ग्रंथ मिळतात, हे उत्तर अपुरे आहे. पडद्यावर पुस्तक मिळते. बसायला जागा आणि पुढचे काय वाचावे हे सांगणारा माणूस पडद्यावर मिळत नाही.

जेथे अभ्यासिका आहेत तेथेही त्या बहुतांशी स्पर्धापरीक्षांपुरत्या उरल्या आहेत. टेबल-खुर्ची आणि पंखा यांची सोय आहे, कपाटातील पुस्तकांना कुलूप आहे. सुभेदार रामजींनाही परीक्षा महत्त्वाची वाटत होती; तरी त्यांनी अभ्यासक्रमाबाहेरच्या पुस्तकासाठी दागिना गहाण टाकला. त्यांना जे कळले ते आपल्या नियोजनकारांना कळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. प्रत्येक वस्तीत रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी, मुलींना निर्धास्तपणे बसता येईल अशी वाचनखोली. तिच्यात हाताळता येतील अशी उघडी कपाटे. आणि पुस्तकांची जाण असलेला, नियमित पगार मिळणारा ग्रंथपाल, एवढ्या तीन गोष्टी महानगरपालिकेच्या आणि शासनाच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. एखाद्या पुतळ्याच्या चौथऱ्याचा खर्च अशा कितीतरी खोल्यांना पुरेल.

शासनाने करावयाचे ते शासन करील किंवा न करील. शिक्षकांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. केळुसकरांकडे कोणतीही योजना, अनुदान किंवा समिती नव्हती. बागेत रोज येणाऱ्या एका मुलाकडे त्यांनी लक्ष दिले आणि आपल्याजवळचे पुस्तक त्याच्या हाती ठेवले. आपल्या वर्गात, कचेरीत, चाळीत असा एखादा वाचणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा असतेच. त्यांना हुडकून काढणे आणि वर्षाकाठी एक चांगले पुस्तक त्यांच्या हाती देणे, हे कोणत्याही शिक्षकाला वा कारकुनाला परवडणारे काम आहे. त्यातून आंबेडकर घडेलच असे नाही. पण एक वाचक घडेल, आणि ज्या देशाने आपली राज्यघटना एका वाचकाच्या हातून लिहून घेतली त्या देशाला वाचकांची गरज कायमच राहणार आहे.